माणदेशाच्या मातीला कुणी खाऊ घातलं?



आपल्या माण तालुक्याची गोष्ट सांगायला कुणीही बसलं, की ती पाण्यापासून सुरू होते. कोणत्या साली पाऊस पडला नाही, कोणता तलाव कधी बांधला, टँकर किती आले, कॅनॉल कधी येणार. पाण्याच्या नोंदी सरकारच्या दप्तरात आहेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीही आहेत. पण पाणी पडतं ते मातीवर. त्या मातीचा इतिहास मात्र आपण फारसा कुणाला विचारत नाही. आपल्या हलक्या, मुरमाड रानात शंभर-दीडशे वर्षं बाजरी पिकत आली, ती कशाच्या जोरावर? मातीतून दरवर्षी आपण दाणा काढला, कडबा काढला. त्या बदल्यात मातीला खायला कुणी घातलं? आजच्या बोलण्यात हाच हिशेब मांडायचा आहे. आता गेल्या काही वर्षांत उरमोडीचं, जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावात आणि टेंभूचं पाणी आटपाडी-सांगोल्याकडे यायला लागलंय. त्यामुळे हा हिशेब आत्ताच करायची गरज आहे.

आधी आपली जमीन ओळखू या. म्हसवडच्या आसपास माणगंगेच्या काठाला काळी, बऱ्यापैकी खोल जमीन आहे. नदीपासून माळाकडे चढत गेलं की मातीचा थर पातळ होतो. कुठे वीतभर, कुठे त्याहून कमी, आणि खाली मुरूम. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी, आणि तोही दोन-चार दणक्यांत पडून जाणारा. अशा जमिनीत पाणी ठरत नाही. दणक्याचा पाऊस वरची बारीक, कसदार माती ओघळीनं ओढ्यात घेऊन जातो. म्हणजे आपल्या शेताला दुहेरी तोटा आहे. पीक काढून नेतो ते एक आणि पावसानं वाहून जाते ते दुसरं.

हा तोटा भरून काढायची एक जुनी व्यवस्था इथे होती. तिचे तीन पाय होते.

पहिला पाय जनावरांचा. माण आणि आटपाडीकडचा खिल्लार बैल नावाजलेला. खरसुंडीच्या यात्रेत त्याचे मोठे बाजार भरत आले. आपण खिल्लार म्हटलं की शर्यत आणि नांगर एवढंच आठवतो. पण दावणीला बांधलेलं जनावर म्हणजे खताचा कारखानाही होता. दिवसाला साधारण दहा किलो शेण देणारं जनावर वर्षाकाठी साडेतीन टन ओलं शेण देतं. ते कुजून निम्म्यावर आलं, तरी दोन जनावरांच्या घरात चार-सहा गाड्या खत सहज व्हायचं.

दुसरा पाय मेंढरांचा. पावसाळा सरला की आपल्याकडचे धनगर कळप घेऊन घाटाकडे, कोकणाकडे निघतात. वाटेत शेतकरी त्यांना रानात मेंढरं बसवायला बोलावतात आणि रात्रीमागे धान्य किंवा पैसे देतात. ही चाल फार जुनी आहे आणि तिच्यात शहाणपणही मोठं आहे. गोठ्यातल्या जनावराचं मूत जमिनीत मुरून फुकट जातं. मेंढरं रानात बसली की लेंडी आणि मूत दोन्ही थेट शेताला मिळतात. वर खत वाहून न्यायची मजुरी नाही. माळावर, डोंगरावर चरलेला पाला रात्रीतून शेतात खत होऊन येतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली आली. तिच्यात शेवटी दुष्काळानं गाव आणि कळप पांगतात. आपण ते माणसांचं दुःख म्हणून वाचतो. कळप गेला की पुढच्या सालचं खतही जातं, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

तिसरा पाय मिश्र पेऱ्याचा. बाजरीच्या पाभरीत मधे तुरीचं तास, कडेला मटकी, हुलगा, पावटा. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी राहावं, हा त्यातला उघड हेतू. पण कडधान्याच्या मुळांवर ज्या गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पकडून जमिनीत आणतात. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी १८८०च्या दशकात हे प्रयोगानं दाखवून दिलं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या-पणज्या हुलगा पेरलेल्या रानात पुढची ज्वारी चांगली येते, हे डोळ्यांनी बघत होत्या. त्यांना नत्र हे नाव माहीत नव्हतं, एवढंच.

या तिन्ही पायांत बाईचं काम किती होतं, ते बघा. गोठा झाडणं, शेणाची पाटी डोक्यावरून उकिरड्यात टाकणं, चुलीची राख तिथेच नेणं, उन्हाळ्यात उकिरडा उपसून शेतात ढीग घालणं, धसकटं वेचणं, कडधान्याचं बी राखेत घोळून गाडग्यात भरून ठेवणं. नांगर पुरुषाच्या हातात होता आणि मातीचं जेवण बाईच्या डोक्यावर होतं. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव नव्हतं. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आता ही व्यवस्था मोडायला कधी लागली, ते बघू.

१८७६-७७ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात इंग्रज सरकारनं लोकांना काम म्हणून आपल्या म्हसवडच्या खालच्या अंगाला माणगंगेवर तलावाचं काम काढलं. सरकारी कागदांत तो म्हसवड तलाव, आपण त्याला राजेवाडीचा तलाव म्हणतो. पाण्याच्या इतिहासात ही मोठी नोंद आहे. पण त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, तिची नोंद मातीच्या वहीत करायला हवी. १८७८ साली जंगलाचा नवा कायदा आला. गावाच्या वापरातली पुष्कळशी रानं आणि गायरानं सरकारी जंगलात गेली. जनावर चारायला जागा कमी झाली, लाकूडफाटा आणायला बंदी आली. चारा कमी म्हणजे जनावरं कमी, जनावरं कमी म्हणजे शेण कमी. आणि लाकूड नाही म्हणजे जे शेण उरलं तेही चुलीत.

हे सगळं ज्या माणसानं त्या काळात नेमकं पाहिलं आणि लिहिलं, तो आपल्या शेजारचाच. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. आपण त्यांना मुलींच्या शाळेमुळे ओळखतो आणि ते बरोबरच आहे. पण १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात मातीवर फार बारकाईनं लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेणमूत हे पावसाच्या पाण्याबरोबर खाली शेतात यायचं आणि जमीन आपोआप खतावायची. नवीन व्यवस्थेत हा कस ओढ्यानाल्यांतून वाहून जातो. यावर त्यांनी उपायही सांगितले. पोलीस आणि पलटणीच्या शिपायांकडून जागोजाग ताली आणि बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे वळवाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीला जाईल. नदीनाल्यांतला आणि तलावांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. जंगलात घेतलेली गायरानं गावांना परत करावीत.

मैत्रिणींनो, या यादीकडे जरा थांबून बघा. पाणी शेतातच मुरवा, गाळ शेतात टाका, चराई राखा. महाराष्ट्र सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ साली आली. म्हणजे जोतीरावांच्या पुस्तकानंतर १३४ वर्षांनी. उपाय नवा नव्हता. तो ऐकायला एवढा वेळ लागला.

जोतीरावांच्या पुस्तकानंतर दहा वर्षांनी, १८९३ साली, एका इंग्रजाचा अहवाल छापून आला. जॉन व्होल्कर नावाच्या या शेतीरसायन तज्ज्ञाला सरकारनं हिंदुस्थानची शेती तपासायला आणलं होतं. हिंदुस्थानातला शेतकरी अडाणी आहे, असा तेव्हा साहेबलोकांचा समज होता. व्होल्करनं देश फिरून उलट सांगितलं, की इथला शेतकरी आपल्या कामात हुशार आहे. शेण जाळलं जातं ते अज्ञानामुळे नव्हे, सरपण मिळत नाही म्हणून. त्यामुळे सरपणाची आणि चाऱ्याची राखीव रानं तयार करा, असं त्यानं सुचवलं. व्होल्करनं शेतीचं कोडं सोडवायला घेतलं आणि तो पोचला चुलीपाशी. बाईच्या चुलीला दुसरं जळण मिळालं तरच शेताला खत मिळणार. गोबर गॅस आला, पुढे सिलिंडर आला, तेव्हा खरं तर हे शेण मोकळं झालं. ते शेतात गेलं का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं बघावं.

आता थोडं उत्तरेला, नीरेच्या खोऱ्यात जाऊ. ही गोष्ट माणदेशातली नाही, पण आज आपल्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी आहे. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला आणि बारामतीच्या कोरड्या पट्ट्यात पाणी आलं. ऊस आला, पैसा आला. पंचवीसेक वर्षांत तिथल्या काही जमिनींवर पांढरी खार फुटायला लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी तिथे जाऊन तपास केला आणि १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका काढली. मानसाहेबांच्या नावात मान असला तरी आपल्या माणाशी त्यांचा संबंध नाही, पण त्यांनी सांगितलेलं आपल्यालाच जास्त लागू पडतं.

खार फुटते कशी, ते साध्या भाषेत सांगते. पाण्यात आणि मातीत थोडे क्षार असतातच. शेताला गरजेपेक्षा जास्त पाणी देत राहिलं आणि ते निघून जायला वाट नसली, की जमिनीच्या पोटातली पाण्याची पातळी वर येते. वर आलेलं पाणी उन्हानं उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. वर्षानुवर्षं ते साठतात. मग बी उगवत नाही, उगवलं तर करपतं. खाली सांगली जिल्ह्यात वाळवा-मिरजेकडे, पलीकडे शिरोळकडे कृष्णाकाठच्या हजारो एकर काळ्या जमिनी अशाच क्षारपड झाल्यात. तिथल्या बायकांना विचारलं तर त्या सांगतील, जमीन होती, पाणी होतं, तरी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जावं लागलं. तहानेनं मेलेली जमीन पावसानं पुन्हा उठते. जास्त पाण्यानं मेलेली जमीन उठवायला चर खणावे लागतात, पैसा ओतावा लागतो आणि वर्षं जातात.

कोरडवाहू जमिनीवरही त्या काळात अभ्यास झाला. १९३३ साली सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथून जी पद्धत निघाली, तिच्यात बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, पातळ पेर, दोन ओळींत रुंद अंतर आणि वरचेवर कोळपणी या गोष्टी होत्या. कोळपणीनं वरची माती भुसभुशीत राहते, भेगा बुजतात आणि खालचा ओलावा टिकतो. पुढे १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि सरकारी खर्चानं बांध घालायची कामं सुरू झाली. जोतीरावांच्या ताली कायद्यात यायला साठेक वर्षं लागली.

याच काळात इंदूरला खताचा एक मोठा प्रयोग झाला. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ तिथल्या संस्थेत १९२४ ते १९३१ काम करत होते, आणि त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे आपल्याकडचे रसायनतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९३१ साली पुस्तक लिहिलं, शेतीतल्या टाकाऊ मालाचं खत कसं करायचं यावर. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. हॉवर्ड म्हणायचे, की आपले प्राध्यापक दोन, एक शेतकरी आणि दुसरी कीड. इंदूर पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात विकत आणण्यासारखं काहीच नाही.

गुडघ्याएवढ्या उथळ खड्ड्यात काडीकचरा, धसकटं, पाला यांचा थर द्यायचा. त्यावर शेणाचा पातळ काला. त्यावर गोठ्यातली मूत मुरलेली माती आणि चुलीची राख. पुन्हा कचऱ्याचा थर. असे थर चढवत जायचे. ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी ठेवायची. ढीग तीन वेळा उलथायचा, म्हणजे आत हवा खेळते. सुमारे तीन महिन्यांत काळं, वास नसलेलं, मऊ खत तयार. यातली मोठी युक्ती अशी, की थोड्या शेणात पुष्कळ कचऱ्याचं खत होतं. नुसत्या उकिरड्यात शेण उन्हात वाळतं आणि पावसात धुपतं. त्यातला निम्मा कस शेतात पोचायच्या आतच संपतो. गोठ्यातली जी माती आपण झाडून टाकतो, ती हॉवर्ड आणि वाड यांच्या हिशेबात सोन्यासारखी होती.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आपल्यातल्या सत्तरीच्या पुढच्या बायका अजून त्यावर बोलतात. लाल मिलो, सुकडी आणि खडी फोडायचं काम. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध, रस्ते. कामाचा हक्क कायद्यात यावा ही कल्पना पुढे नेणारे वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, म्हणजे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे. १९६५ साली तासगाव तालुक्यात तिची सुरुवातीची चाचणी झाली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आज माळावर जे जुने बांध दिसतात, त्यांतले पुष्कळ याच कामांतून उभे राहिले. त्यांतली माती बायकांनी पाटीपाटीनं वाहिलेली आहे. पोटासाठी केलेलं ते काम होतं, पण त्यानं किती शेतांची माती अडवली, याचा हिशेब कुणी त्या बायकांच्या नावावर लिहिला नाही.

दुष्काळाच्या आगेमागेच दुसरा बदल आला, खताच्या पोत्याचा. १९५१ साली सिंद्रीला सरकारी खत कारखाना सुरू झाला. १९६४ साली संकरित ज्वारी आली आणि 'हायब्रीड' हा शब्द आपल्या बोलण्यात आला. पोत्यानं खूप दिलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उपासमारीच्या आठवणी ताज्या असताना दाणा वाढला. आकडाच बघा. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात सुमारे वीस किलो नत्र असतो. एक टन शेणखतात साधारण पाच किलो. म्हणजे एका पोत्याइतक्या नत्राला चार टन शेणखत लागतं. पोतं एक माणूस सायकलीवरून आणतो. चार टन शेणखत म्हणजे बाईच्या डोक्यावरून दोनशे पाट्या. मग ज्या बाईनं जन्मभर पाट्या वाहिल्या, तिला पोतं आवडलं तर तिला दोष कोण देणार?

पण एक गोष्ट पोत्यात नसते. पोतं पिकाला खायला घालतं. पाटी मातीला खायला घालते. शेणखतातून आणि काडीकचऱ्यातून जो सेंद्रिय कर्ब मातीत जातो, तो मातीचे कण एकमेकांना धरून ठेवतो, पाणी धरून ठेवतो, गांडुळांना आणि जिवाणूंना जगवतो. आपल्या मुरमाड रानात तर कर्ब म्हणजेच ओलावा. पोतं सुरू झालं आणि त्याच वेळी ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, उकिरडे आटले, मिश्र पेऱ्याच्या जागी एकच पीक आलं. पोत्यानं घात केला असं मी म्हणत नाही. पोतं आलं म्हणून बाकीचं सगळं थांबवलं, तिथे नुकसान झालं. आता माती परीक्षणाचा कागद हातात आला, की सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, तर तुमच्या मातीचं पोट रिकामं आहे असं समजा.

आता सातबाऱ्याकडे येऊ. १९८६ च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं नाशिक जिल्ह्यात चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. पुढे लक्ष्मीमुक्ती नावाची मोहीम निघाली, नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावावर करावा अशी. १९९१ च्या सुमारास त्याला सीताशेतीची जोड दिली गेली. बाईच्या नावावरच्या तुकड्यात तिनं बाहेरून फारसं काही विकत न आणता, आपल्या निरीक्षणानं शेती करून बघावी, असा तो विचार होता. शेतीचा शोध मुळात बाईनं लावला, असंही त्यामागे म्हटलं जायचं. सांगली जिल्ह्यातल्या बळवडीला तर येरळा नदीवर लोकांनी स्वतः बळीराजा धरण बांधलं, आणि पाण्याचा वाटा जमीन असलेल्या-नसलेल्या सगळ्या कुटुंबांना सारखा, असा आग्रह धरला. १९९४ साली महाराष्ट्रात वडिलोपार्जित जमिनीत मुलींना हक्क देणारी कायद्यातली दुरुस्तीही झाली.

नावाचा आणि मातीचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा, की मातीत घातलेलं लगेच दिसत नाही. शेणखताचा गुण दोन-तीन सालांनी कळतो, तालीचा त्याहून उशिरा. जमीन आपल्या हातात राहणार याचा भरवसा असेल, तोच असा दूरचा खर्च करतो. जिचं नाव नाही, जिला कधीही बाजूला सारता येतं, तिनं कष्ट केले तरी कोणतं पीक घ्यायचं, शेण विकायचं की ठेवायचं, हे ठरवणार दुसराच. जी मातीला खाऊ घालते, तिच्या शब्दाला शेतात वजन नाही, हा माणदेशाच्या मातीचा फार जुना आजार आहे.

शेवटी आजच्या दिवसाकडे येऊ. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आपल्या माण तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं. तिथे बायका-पुरुषांनी उन्हात चर खणले, बांध घातले. मुरलेल्या पाण्याबरोबर त्या गावानं आपली मातीही अडवली, याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. आता तर कालव्याचं पाणीही येतंय. आपल्या दारात येणारं हे पाणी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नीरेला आलेल्या पाण्यासारखंच आहे. पहिल्या वर्षी आनंद, पाचव्या वर्षी ऊस आणि पंचविसाव्या वर्षी काय, ते आपण आत्ता ठरवतोय. ज्या काळ्या, खोल रानात पाणी जिरून बसतं, तिथे धोका जास्त. माळाच्या हलक्या रानात पाणी निघून जातं, पण त्याबरोबर कसही निघून जातो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत चार गोष्टी विषयावर घ्या, अशी माझी विनंती आहे.

पहिली, मातीची तपासणी. पेरणीच्या आधी शेतातून आठ-दहा ठिकाणची माती घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. खुरप्यानं वीतभर खोल व्हीच्या आकाराचा खड्डा करून कडेची माती घ्या, सगळी मिसळा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो पिशवीत भरून द्या. कागद आला की नुसतं खताचं प्रमाण बघू नका. सेंद्रिय कर्ब आणि क्षार हे दोन आकडे गटाच्या वहीत लिहून ठेवा. तीन वर्षांनी पुन्हा तपासा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

दुसरी, शेणाचं पान. आपल्या वहीत बचतीचं पान असतं, कर्जाचं पान असतं. गाय-म्हैस घ्यायला कर्ज देताना आपण दुधाचा हिशेब करतो, शेणाचा करत नाही. एक पान शेणाचं घाला. किती जळलं, किती विकलं, किती शेतात गेलं. आकडे समोर आले की घरातल्या माणसांशी बोलायला जोर येतो.

तिसरी, कडधान्य. कालव्याचं पाणी आलं तरी रानाचा एक पट्टा मटकी, हुलगा, तूर, हरभरा यांना ठेवा. घरात डाळ राहील आणि जमिनीत नत्र. गावात मेंढरं येत असतील तर चार-पाच जणींनी मिळून आपापल्या रानात ती बसवायचं ठरवा. एकटीला महाग पडतं, गटाला पडत नाही.

चौथी, पाणी यायच्या आधी पाण्याची वाट. शेताच्या उताराला चर आहे का, तो बुजलाय का, शेजाऱ्याच्या रानातून पाणी आपल्यात उतरतं का, हे बघून घ्या. तलावातला गाळ उन्हाळ्यात मिळत असेल तर ग्रामपंचायतीत गटाच्या नावानं अर्ज द्या. हलक्या रानात तो टाका, भारी काळ्या रानात टाकायच्या आधी कृषी सहायकाला विचारा.

जोतीरावांनी १८८३ साली जे लिहिलं, ते सरकारला उद्देशून होतं. पलटणीनं ताली बांधाव्यात, सरकारनं गाळ द्यावा, गायरानं सोडावीत. ते मागणं आजही सरकारपाशी करायला हवंच. पण उकिरडा, चूल, बियाणं आणि गटाची वही या चार जागा सरकारच्या हातात कधीच नव्हत्या. त्या आपल्या हातात होत्या आणि आहेत. आपल्या आईनं, सासूनं, आजेसासूनं पाटी वाहिली म्हणून ही माती आपल्यापर्यंत जिवंत आली. ती तशीच आपल्या लेकीसुनांच्या हाती द्यायची, आणि देताना सातबाऱ्यावर त्यांचं नावही घालायचं.

पुढच्या वेळी तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून या, की त्यांच्या लहानपणी कोणत्या रानात मेंढरं बसायची, कोणता बांध १९७२ ला झाला आणि कोणत्या शेतात हुलगा पेरत. वहीत लिहून आणा. मातीचा इतिहास कुठल्या दप्तरात सापडणार नाही. तो या बायकांपाशी आहे, आणि त्या आहेत तोवरच तो लिहून घेता येईल.